डिसेंबरात घर बंद करून निघताना पाण्याचा मेन कॉक बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळची सुट्टी जवळ आली की अमेरिका-कॅनडातली मराठी कुटुंबं पुणे, मुंबई, नागपूरकडे निघतात. लग्नसराई असते, आजी-आजोबांना नातवंडं भेटायची असतात, आणि एवढं महागाचं तिकीट काढल्यावर तीन-चार आठवडे राहणं होतंच. नेमक्या याच दिवसांत तिकडे कडाक्याची थंडी पडते आणि घर रिकामं असतं. भिंतीतला पाण्याचा पाइप गोठून फुटला, तर ते कळायला घरात कोणी नसतं. २०२२ च्या नाताळात आलेल्या थंडीच्या लाटेत अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या अटलांटासारख्या शहरांतही असंख्य घरांचे पाइप फुटले. सुट्टीहून परतलेल्यांना छत खाली आलेलं आणि लाकडी जमीन फुगलेली पाहायला मिळाली. हे नुकसान जवळजवळ पूर्णपणे टाळता येतं. म्हणून हे पत्र आपल्या वाचकांसाठी, आणि विशेषतः ज्यांची मुलं तिकडून यायची आहेत त्या आईवडिलांसाठी. मुलं विमानात बसण्याआधी फोनवर एक प्रश्न विचारा : पाण्याचा मेन कॉक बंद केलास का?

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, याला कारण आहे. महाराष्ट्रात निफाडचा पारा दोन-चार अंशांवर आला तरी ती बातमी होते. आपल्याकडे पाइप इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर उघडे असतात आणि त्यांना काही होत नाही. दुसरं म्हणजे आपल्या घरात पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. पाइप फुटला तर हजार लिटरची टाकी रिकामी होते आणि गळती आपोआप थांबते. अमेरिकेतल्या घराला बहुधा अशी टाकीच नसते. नळ थेट शहराच्या वाहिनीला जोडलेला असतो, दाब साधारण ४० ते ८० पीएसआय, म्हणजे पावणेतीन ते साडेपाच बार. पाइप फुटला की कोणीतरी कॉक बंद करेपर्यंत पाणी वाहतच राहतं. अर्ध्या इंचाच्या पाइपातून मिनिटाला पंधरा लिटर धरले तरी दिवसाला एकवीस हजार लिटरच्या वर होतात. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर दिवाणखान्यात रिकामे केल्यासारखं, तेही रोज. आतल्या भिंती जिप्समच्या, वरचे मजले आणि सांगाडा लाकडाचा. असं घर दोन दिवसांतसुद्धा राहण्यालायक उरत नाही.

पाइप फुटतो कसा, हे नीट समजलं की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून वाटतं की बर्फ जिथे होतो तिथेच तो पाइपाला आतून फाडतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. पाइपात एका ठिकाणी बर्फाचा बूच तयार होतो. तो वाढू लागला की पलीकडचं, म्हणजे बूच आणि बंद नळ यांच्यामधलं, पाणी दाबलं जातं. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे तिथला दाब नेहमीच्या दाबाच्या अनेक पट चढतो आणि पाइप किंवा सांधा जिथे कच्चा असेल तिथे फुटतो. फुटलेली जागा गोठलेल्या जागेपासून बरीच दूर, अगदी उबदार खोलीतही असू शकते. नळ थोडा उघडा ठेवला की पाइप वाचतो तो याचमुळे : वाढणाऱ्या दाबाला वाट मिळते. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून नळ ठिबकता ठेवायचा, हे अर्धंच खरं आहे. ठिबकत असतानाही पाणी गोठू शकतं, पण नळ उघडा असल्याने फुटण्याची वेळ सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. गोठलेला पाइप फुटला तरी तेव्हा तो फारसा गळत नाही, कारण बर्फाचा बूचच मागून येणारं पाणी अडवून बसलेला असतो. थंडी ओसरते, बर्फ वितळतो आणि मग धार सुरू होते. लाट गेली, आता काळजी मिटली, असं वाटतं तोच खरा धोक्याचा दिवस.

किती थंडीला सावध व्हायचं? इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने १९९० च्या दशकात वेष्टन नसलेल्या पाइपांवर प्रयोग केले. त्यातून पुढे आलेला इशाऱ्याचा आकडा आहे २० फॅरनहाइट, म्हणजे उणे सात सेल्सियस. पाणी शून्याला लगेच गोठत नाही. पाइपात ते शून्याखाली काही अंश थंड होऊनही द्रव राहतं आणि मग एकदम बर्फ धरतं. मात्र हा आकडा वारा नसलेल्या जागेसाठी धरावा. भिंतीत केबलसाठी पाडलेलं बोटभर भोक पाइपासमोर असेल आणि वारा त्यातून सरळ पाइपावर येत असेल, तर उणे तीन-चारलाही तो गोठतो. आमच्या मते घरमालक वेष्टनाच्या जाडीचा जेवढा विचार करतात, त्याच्या निम्माही या फटींचा करत नाहीत. पाया आणि पहिल्या मजल्याची जमीन जिथे मिळतात तिथली लाकडी कड, कपडे वाळवण्याच्या ड्रायरच्या नळकांड्याभोवतीची जागा, बाहेरचा नळ भिंतीतून जातो ते भोक, या फटी सिलिकॉनने किंवा स्प्रे फोमच्या एका डब्याने बुजवणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम आहे.

गोठणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं स्वयंपाकघरातलं सिंक, गराजच्या वरच्या खोलीखालून जाणारे पाइप, घराखालचा क्रॉल स्पेस (जमिनीखालची सरपटत जाण्याएवढी पोकळी), गराजमध्ये ठेवलेलं वॉशिंग मशीन, आणि टेक्सससारख्या ठिकाणी ॲटिक, म्हणजे खोलीचं छत आणि वरचं छप्पर यांमधली पोकळी. तिथली घरं काँक्रीटच्या चौथऱ्यावर, बेसमेंट नसलेली असतात, म्हणून पाइप ॲटिकमधून नेतात. उन्हाळ्याचा विचार करून बांधलेल्या या घरांची फेब्रुवारी २०२१ मध्ये काय अवस्था झाली, ते सर्वांनी पाहिलं. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर पारा उणे दोन फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे १९ सेल्सियसवर आला. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची वीज गेली. गॅसवर चालणारी भट्टीसुद्धा विजेच्या पंख्याशिवाय घर गरम करू शकत नाही, त्यामुळे गॅस असलेली घरंही गारठली आणि ॲटिकमधले पाइप फुटले.

आता घर बंद करून निघताना काय करायचं ते.

मेन कॉक आधी शोधून ठेवा, निघायच्या रात्री नव्हे. उत्तरेकडल्या घरात तो बहुधा बेसमेंटमध्ये, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला, मीटरच्या शेजारी असतो. दक्षिणेकडे गराजमध्ये, वॉटर हीटरच्या कपाटात किंवा अंगणातल्या मीटरच्या पेटीत. पेटीतला कॉक फिरवायला लांब दांड्याची चावी लागते, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवला नसेल तर तो अडकतो, किंवा आतली पाकळी तुटून अर्धवट बंद होतो. ऑक्टोबरमध्येच एकदा बंद-चालू करून पाहा. पूर्ण बंद होत नसेल तर प्लंबरकडून बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या.

कॉक बंद केल्यावर सर्वांत वरच्या मजल्यावरचे गरम आणि थंड दोन्ही नळ उघडा, म्हणजे हवा आत येईल. मग सर्वांत खालचा नळ उघडा, बेसमेंटमधला किंवा कपडे धुण्याच्या टबचा. घराच्या आकारानुसार दहा-पंधरा मिनिटांत पाइप बऱ्यापैकी रिकामे होतात. एकाच दांड्याचा नळ असेल तर दांडा मधोमध ठेवा, नाहीतर एकच बाजू रिकामी होते. फ्लश दाबून टाक्या रिकाम्या करा. पाइपाच्या झोळात थोडं पाणी राहील, त्याची चिंता नको. आजूबाजूला हवा असली की बर्फाला पसरायला जागा मिळते. फ्रिजच्या बर्फयंत्राची नळी आणि वॉशिंग मशीनचे दोन्ही कॉक बंद करा. नळ उघडे ठेवूनच निघा.

वॉटर हीटर गॅसचा असेल तर ‘व्हेकेशन’वर किंवा पायलटवर, म्हणजे फक्त लहान ज्योतीवर, ठेवा. विजेचा असेल तर ब्रेकर बंद करा. टाकी रिकामी करायची गरज सहसा नसते. केलीत तर आधी वीज किंवा गॅस बंद आणि मगच पाणी सोडा, हा क्रम चुकवू नका. कोरड्या टाकीत विजेचा एलिमेंट चालू राहिला तर काही क्षणांत जळतो.

घर गरम ठेवायला थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ सेल्सियसच्या खाली नेऊ नका. ५५ ही किमान मर्यादा आहे. थर्मोस्टॅट घराच्या मध्यभागी, बोळात असतो; सिंकखालच्या बंद कपाटात त्याच वेळी दहा-बारा अंश फॅरनहाइट कमी असू शकतात. शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो या पट्ट्यात ६० ठेवलेलं बरं. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. थर्मोस्टॅटची बॅटरी नवी घाला. फोनवर इशारा देणारा थर्मोस्टॅट चांगलाच, पण वीज किंवा इंटरनेट गेलं की तो गप्प होतो. म्हणून कॉक बंद करण्याला तो पर्याय नाही.

दोन अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्सच्या पुष्कळ जुन्या घरांत बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवून घर तापवतात. त्या बॉयलरला कमी पडलेलं पाणी मेन लाइनमधून मिळतं. अशा घरात मेन कॉक बंद करण्याआधी हीटिंगच्या मिस्त्रीला विचारा. बॉयलरचा फाटा वेगळा ठेवून फक्त नळांकडे जाणारं पाणी बंद करता येतं का, आणि पाणी कमी झाल्यास बॉयलर स्वतः बंद होण्याची सोय चालू आहे का, हे तो सांगेल. दुसरा अपवाद आग विझवण्याच्या स्प्रिंकलरचा. पुष्कळ टाउनहाउस आणि काँडोमध्ये छतात स्प्रिंकलर असतात. त्यांचा व्हॉल्व्ह कोणत्याही परिस्थितीत बंद करायचा नाही. तो सहसा वेगळा असतो, पण ओळखून ठेवावा लागतो. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये स्वतंत्र कॉक असतोच असं नाही. तिथे व्यवस्थापनाला लेखी विचारा, घर गरम ठेवा आणि चावी कोणाकडे आहे ते कळवून निघा.

घर गरम ठेवण्याचीही खात्री नसेल, म्हणजे वीज वारंवार जाणारा भाग असेल, तर सिंक-मोऱ्यांखालच्या वाकड्या नळीत (ट्रॅपमध्ये) साचलेलं पाणीही गोठू शकतं. प्रत्येक सिंक आणि शॉवरच्या जाळीत एक कपभर, आणि कमोडमध्ये साधारण लिटरभर, आरव्हीसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारा द्रव, ओता. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. मोटारीचं अँटिफ्रीझ बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं, ते विषारी आहे. घरात वापरू नका.

विम्याबद्दल मोजकंच. अमेरिकेतल्या घराच्या नेहमीच्या पॉलिसीत गोठून झालेल्या नुकसानीची भरपाई एका अटीवर मिळते : घर गरम ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली हवी, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले हवेत. कॅनडात अनेक पॉलिसींत थंडीच्या मोसमात चार दिवसांहून अधिक बाहेर असताना कोणीतरी रोज घर पाहून जावं, नाहीतर पाणी बंद करून काढून टाकावं, अशी अट असते. आपली पॉलिसी निघण्याआधी वाचा. बंद केलेल्या कॉकचा आणि थर्मोस्टॅटचा तारखेसह फोटो काढून ठेवा. शेजाऱ्याला चावी द्याच, पण तो आठवड्यातून एकदा डोकावणार असेल तर त्याच्या भरवशावर मेन कॉक उघडा ठेवू नका.

बाहेरचा, बागेचा नळ हा वेगळा विषय आहे, आणि इथे एक चूक फार सर्रास होते. थंडीत न गोठणारा म्हणून विकला जाणारा नळ आठ-बारा इंच लांब असतो. त्याची खरी झडप भिंतीच्या आत, उबेत असते. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी बाहेर निथळून जातं. पण त्याला रबरी होज जोडलेला राहिला तर पाणी निथळतच नाही, नळी आत फुटते. हिवाळाभर काही कळत नाही. एप्रिलमध्ये झाडांना पाणी घालायला नळ उघडला की पाणी बाहेर कमी आणि भिंतीत जास्त जातं. पहिल्या थंडीच्या आधी होज काढा, एवढंच. टेक्सस, जॉर्जियात बागेच्या सिंचनासाठी भिंतीवर पितळी बॅकफ्लो यंत्र असतं, बागेतलं पाणी उलटं वाहिनीत येऊ न देणारं. त्याचं पाणी बंद करून ते रिकामं करा आणि त्याचे बॉल व्हॉल्व्ह अर्धवट, ४५ अंशांवर ठेवा. पूर्ण बंद किंवा पूर्ण उघड्या बॉलच्या आजूबाजूला पाणी अडकतं आणि व्हॉल्व्ह तडकतो.

घरात माणसं असतील तेव्हा, आणि हिवाळ्यात नातवंडांजवळ राहायला आलेले आईवडील दिवसभर एकटे असतील तेव्हाही, पारा उणे सातच्या खाली जाणार असेल त्या रात्री पुढची काळजी घ्या. बाहेरच्या भिंतीवरचे आणि मेनपासून सर्वांत लांबचे नळ, गरम-थंड दोन्ही बाजूंनी, पेन्सिलीच्या शिसाएवढ्या बारीक धारेने चालू ठेवा. गरम पाण्याचा पाइपही गोठतो, हे लोक विसरतात. सिंकखालचं कपाट उघडा. आतली फिनेल, ॲसिडची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी हलवा. गराजचं दार लावलेलं ठेवा. रात्री थर्मोस्टॅट उतरवण्याची सवय असेल तर त्या दोन-चार रात्री ती सोडा. मेन कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं, आणि आजीच्या हातालाही तो फिरायला हवा. वीज जाण्याची शक्यता असेल तर आपल्याकडे पाणीकपातीच्या दिवशी भरतो तशा बादल्या, पातेली, बाथटब भरून ठेवा. वीज गेली आणि घर ४५ फॅरनहाइटकडे उतरू लागलं, तर वाट न पाहता मेन बंद करून पाइप रिकामे करा. टाकी नसलेला टँकलेस हीटर असेल तर त्याला जास्त जपा. त्याचं गोठण्यापासूनचं संरक्षण विजेवर चालतं. वीज गेली की आतली तांब्याची नळी फुटायला वेळ लागत नाही. त्याच्या खालच्या दोन व्हॉल्व्हमधून पाणी काढून टाका.

वेष्टन आणि हीट केबल (पाइपाला लावायची विजेवर तापणारी तार) यांबद्दल गैरसमज फार आहेत. फोमचं वेष्टन उष्णता निर्माण करत नाही, ती जाण्याचा वेग कमी करतं. एका रात्रीच्या थंडीत ते पाइप वाचवेल. तीन दिवसांच्या लाटेत, पाणी न वाहणाऱ्या पाइपाला ते वाचवू शकत नाही. तरीही लावायलाच हवं, आणि नीट लावायला हवं. अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या पाइपाचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात पाच अष्टमांश इंच असतो. म्हणून पट्टीने मोजून नव्हे, तर वेष्टनावर लिहिलेलं पाइपाचं नाव पाहून घ्या. उभी चीर चिकटवा, कोपऱ्यांवर ४५ अंशांत कापून जोडा, प्रत्येक सांध्यावर टेप लावा. वेष्टनातला दोन बोटांचा उघडा तुकडा, तिथेच पाइप गोठतो. भिंत उघडली असेल तर फायबरग्लास पाइपाच्या मागे, बाहेरच्या थंडीच्या बाजूला भरा. पाइप आणि खोली यांच्यामध्ये अजिबात नको. मध्ये भरलं तर खोलीची ऊबच पाइपापासून तोडली जाते.

क्रॉल स्पेससारख्या जागी हीट केबल उपयोगी पडते. स्वतःच उष्णता कमी-जास्त करणारी, सेल्फ-रेग्युलेटिंग केबल घ्या. प्लॅस्टिकच्या पाइपावर तर तीच. स्थिर वॅटेजची जुनी केबल स्वतःवरच आडवी गेली की तिथे जास्त तापते, आणि आगी लागतात त्या तिथूनच. केबल पाइपाच्या खालच्या अंगाला सरळ, हाताभरावर टेप लावत बसवा. जीएफसीआय सॉकेटलाच, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या सॉकेटला, जोडा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. तिच्यावर कोणतं वेष्टन चालतं ते उत्पादकाच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेवढंच वापरा.

इतकं करूनही एखाद्या सकाळी नळ उघडला आणि पाणी आलं नाही, तर आधी अंदाज घ्या. सगळ्याच नळांना पाणी नाही आणि शेजाऱ्यांकडेही नाही, तर अडचण शहराची. फक्त तुमच्याच घरात नाही, तर मीटरजवळ किंवा आत येणाऱ्या पाइपात. एकाच नळाला नाही, तर त्याच्या फाट्यावर. पाइपावर दव किंवा हिमकण दिसतात का, कुठे फुगवटा आहे का, ते पाहा. इन्फ्रारेड तापमापक असेल तर सर्वांत थंड जागा लगेच सापडते. फुगवटा किंवा चीर दिसली तर वितळवायला लागू नका. मेन बंद करा आणि प्लंबरला बोलवा.

वितळवताना पहिलं काम, तो नळ उघडा ठेवा. दुसरं, एका माणसाला मेन कॉकपाशी उभं करा, कारण चीर आहे की नाही ते बर्फ सुटल्यावरच कळणार आहे. सुरुवात नळाच्या बाजूने करा आणि गोठलेल्या भागाकडे सरका, म्हणजे सुटलेल्या पाण्याला बाहेर वाट मिळते. मध्येच तापवलं तर दोन बर्फांच्या बुचांमध्ये पाणी कोंडतं. केस वाळवण्याचा ड्रायर हलता ठेवून, हाताला सोसेल इतकंच तापवा. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळून, गार झाले की बदलत राहणं हाही उत्तम उपाय. शेकण्याचा विजेचा पॅडही चालतो. खाली पाणी साचलं असेल तर विजेचं काहीही हातात धरू नका.

इथे घाई का करू नये ते आकड्यांत सांगतो. अर्ध्या इंचाच्या एक मीटर पाइपात जेमतेम १६५ मिलीलिटर पाणी मावतं. तेवढा बर्फ वितळवायला सुमारे ५५ किलोज्यूल पुरतात. हजार वॅटच्या ड्रायरची सगळी उष्णता पाइपात गेली तर एका मिनिटाचं काम. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास लागतो, कारण बहुतेक ऊब हवेत जाते. म्हणून आच वाढवण्यापेक्षा ऊब कोंडून ठेवा : पाइप आणि ड्रायरभोवती सैलसर टॉवेल किंवा पुठ्ठा धरा, पण ड्रायरची हवा आत घेण्याची जाळी झाकू नका. ब्लोटॉर्च, हीट गन, मेणबत्ती यांचं नावही नको. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंतीतला पाइप टॉर्चने तापवताना आग लागते आणि ती आत धुमसत राहते. सीपीव्हीसी आणि पेक्स हे प्लॅस्टिकचे पाइप त्या आचेला मऊ पडतात. उकळतं पाणी थेट ओतलं तर थंड प्लॅस्टिकचा पाइप तडकू शकतो. बंद घरात कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर चालवू नका, गराजमध्ये गाडीही चालू ठेवू नका. टेक्ससमध्ये २०२१ च्या त्या आठवड्यात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली.

भिंतीतला पाइप गोठला असेल तर घराचं तापमान ७५ फॅरनहाइटपर्यंत वाढवा, कपाट उघडून पंख्याने उबदार हवा आत ढकला आणि थांबा. दोन-तीन तासांत सुटला नाही तर प्लंबरला बोलवा. पाइपाच्या आत गरम पाणी किंवा वाफ सोडून बर्फ वितळवणारी यंत्रं त्यांच्याकडे असतात. वेल्डिंग मशीनने पाइपातून वीज सोडून वितळवण्याची जुनी रीत कोणी सुचवली तर स्पष्ट नकार द्या.

पाइप फुटलाच, तर मेन बंद, खालचा नळ उघडा, आणि पाणी विजेच्या जवळ गेलं असेल तर त्या भागाचा ब्रेकर बंद. ब्रेकरपाशी जाताना पाण्यात उभं राहावं लागत असेल तर जाऊ नका. छत फुगून लोंबू लागलं असेल तर, वीज बंद असल्याची खात्री करून, खाली बादली ठेवा, बाजूला उभे राहा आणि स्क्रू ड्रायव्हरने लहान भोक पाडा. पूर्ण छत एकदम कोसळण्यापेक्षा ते बरं. तात्पुरती दुरुस्ती घरी करायची तर दाबून बसणारं कपलिंग मिळतं. ते तांबं, सीपीव्हीसी, पेक्स तिन्हींवर चालतं. पाइप सरळ काटकोनात कापा, कडा घासा आणि एक इंच आत ढकला. पण बर्फाने फुगलेला भाग पूर्ण कापून टाका. फुगलेल्या पाइपाचा व्यास वाढलेला असतो, तिथे कपलिंग एकतर बसत नाही, नाहीतर बसल्यासारखं दिसून गळतं. एक चीर सापडली म्हणून थांबू नका. त्याच रांगेत दुसरी असते. भिजलेली भिंत आणि गालिचा २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर बुरशी धरते. आवरण्याआधी फोटो काढा आणि फुटलेला पाइपाचा तुकडा विमा कंपनीसाठी जपून ठेवा.

सुट्टीहून परत आल्यावर पाणी सुरू करायलाही क्रम आहे. घर आधी नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. सर्व नळ बंद करा, फक्त वरच्या मजल्यावरच्या एका नळाच्या दोन्ही बाजू थोड्या उघड्या ठेवा. मेन कॉक पाव भाग उघडा आणि पाच मिनिटं घरभर फिरून ऐका. भिंतीत सुसाट आवाज आला किंवा कुठे ओल दिसली तर लगेच बंद करा. काही नसेल तर हळूहळू पूर्ण उघडा. नळातून हवा फुसफुसत बाहेर येईल, ती जाऊ द्या. मग सर्व नळ बंद करून मीटर पाहा. त्यावरची लहान त्रिकोणी चकती फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाक्या भरा, फ्रिजचा आणि मशीनचा कॉक शेवटी उघडा. वॉटर हीटरचा ब्रेकर चालू करण्याआधी गरम पाण्याच्या नळातून हवा न येता सलग धार पडते आहे, हे पाहून घ्या.

आपले,
उत्तर अमेरिकेत घरांच्या प्लंबिंग व हीटिंगच्या कामात असलेले काही मराठी अभियंते